म्युनिकमध्ये शिकताना शरदातले डोंगर आणि तळी कशी पाहावीत

जर्मनीतल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होते, पण म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात प्रत्यक्ष तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. भारतातून नव्याने आलेला विद्यार्थी सहसा सप्टेंबरच्या शेवटी म्युनिकला पोहोचतो आणि पत्त्याची नोंदणी, बँकेचे खाते, आरोग्य विमा यांच्या रांगांत पहिले दोन-तीन आठवडे घालवतो. नेमके हेच आठवडे दक्षिणेकडच्या आल्प्समध्ये हिंडण्यासाठी वर्षातले बहुधा सर्वोत्तम असतात. उन्हाळ्यातली दुपारची वादळे थांबलेली असतात, हवा कोरडी आणि स्वच्छ असते, आणि बीच वृक्षांची जंगले तांबूस होऊ लागलेली असतात. रांगा टाळता येणार नाहीत, परंतु मधल्या मोकळ्या दिवसांचे नियोजन आधी केले तर पुढच्या जूनची वाट पाहावी लागत नाही.

ज्यांनी सह्याद्रीत भटकंती केली आहे त्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: ती सवय इथे उपयोगी पडते आणि फसवतेही. चढाची सवय, पाण्याचा हिशेब, घसरड्या वाटेवर पाय कसा टाकावा हे सगळे कामाला येते. मात्र सह्याद्रीत ऑक्टोबर आणि डिसेंबर यांच्या दिवसमानात फार तफावत नसते. उशीर झालाच तर विजेरीच्या उजेडात पायथ्याचे गाव गाठता येते आणि तिथे कोणाच्या तरी ओसरीवर पथारीही पसरता येते. आल्प्समध्ये शरदात दिवस डोळ्यांदेखत आखडत जातो, सूर्य डोंगराआड गेला की तापमान झपाट्याने उतरते आणि शेवटची बस गेली तर ओसरी मिळत नाही. म्हणून इथे सहल ठरवताना कोणते तळे सुंदर आहे हा प्रश्न तिसरा असतो. पहिला प्रश्न उंचीचा आणि दुसरा परतीच्या वेळेचा.

उंची आधी ठरवा

सह्याद्रीत धुके गडाच्या माथ्यावर असते आणि खाली उतरले की ऊन भेटते. बव्हेरियाच्या शरदात बहुतेक वेळा याच्या उलट घडते. थंड हवा जड असल्यामुळे ती रात्री मैदानात आणि दऱ्यांत साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि त्या झाकणाखाली धुक्याचा थर दिवसभर अडकून राहतो. म्युनिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५२० मीटरवर आहे, म्हणजे या थराच्या तळाशी. शहरात सलग चार दिवस राखाडी आभाळ असते तेव्हा १२०० मीटरच्या वर अनेकदा निळे आकाश आणि शर्टावर फिरता येईल इतके ऊन असते. नवखा विद्यार्थी खिडकीतून बाहेर पाहून सहल रद्द करतो आणि जाणता विद्यार्थी डोंगरावरच्या वेबकॅमेऱ्याचे ताजे चित्र पाहून स्वेटर पिशवीत टाकतो. जवळजवळ प्रत्येक रोपवेचा आणि अनेक डोंगरी विश्रामगृहांचा असा कॅमेरा असतो. तो पाहण्याला जितके महत्त्व द्याल तितके शहराच्या हवामान अंदाजाला देऊ नका. जर्मन हवामान खाते आणि आल्पाइन संघ (गिर्यारोहकांची संघटना) डोंगरासाठी वेगळा अंदाज देतात, त्यात धुक्याच्या वरच्या सीमेची उंची दिलेली असेल तर ती जरूर टिपून घ्या.

याच्या उलट स्थिती फ्योन नावाचा वारा सुटतो तेव्हाची. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खाली उतरणारा हा वारा उतरताना तापतो आणि कोरडा होतो. त्या दिवशी म्युनिकच्या एखाद्या उंच इमारतीवरूनही आल्प्सची संपूर्ण रांग हाताशी आल्यासारखी दिसते. स्थानिक माणसे डोके दुखत असल्याची तक्रार करतात. दृश्य अप्रतिम असले तरी वरच्या धारेवर वारा फार जोराचा असतो, म्हणून फ्योनच्या दिवशी माथ्याऐवजी तळ्याचा काठ निवडावा.

दर १००० मीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते हा शाळेतला नियम इथे रोज वापरावा लागतो. ऑक्टोबरमध्ये १५०० मीटरच्या वर पहिले हिम पडणे नवलाचे नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरचे हिम दोन दिवसांत वितळते, उत्तरेकडच्या उतारावर त्याचे काच झालेले थर आठवडाभर राहतात. म्हणून नकाशात वाट कोणत्या दिशेच्या उतारावरून जाते हे पाहण्याची सवय लावावी. शरदात निम्मा निर्णय तिथेच होतो.

घड्याळ

१ ऑक्टोबरला म्युनिकमध्ये सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्या दिवसापासून सूर्यास्त एकदम पाचच्या आसपास येतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तो साडेचारच्या थोडा नंतर होतो. दरीत तर सूर्य याच्याही आधी जातो. माझा नियम साधा होता: सूर्यास्ताच्या दोन तास आधी मी परतीच्या रस्त्याला लागलेला असलो पाहिजे, आणि वर असताना ही वेळ आली तर माथा अर्ध्या तासावर असला तरी मागे फिरायचे. हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा भ्रमणध्वनीची बॅटरी संपत आलेली असताना जंगलातली मुळे चाचपडत उतरलो.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसते, वेळेत असते. या वेळा ठरावीक गणिताने काढलेल्या असतात: तासाला ४ किलोमीटर सपाट, ३०० मीटर चढ किंवा ५०० मीटर उतार. सपाट अंतराचा आणि चढ-उताराचा वेळ वेगवेगळा काढायचा, त्यांतला मोठा आकडा पूर्ण धरायचा आणि लहान आकडा निम्मा त्यात मिळवायचा. उदाहरणार्थ, ६ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर चढाचे दोन तास अधिक अंतराच्या दीड तासाचा निम्मा, म्हणजे पावणेतीन तास. यात विश्रांती, छायाचित्रे आणि डबा खाणे धरलेले नसते. पाटीवर निळा ठिपका असेल तर वाट सोपी, लाल असेल तर मध्यम, काळा असेल तर अवघड. पहिल्या शरदात काळ्या ठिपक्याच्या वाटेला जाऊ नये.

तिकीट आणि गाडीतली बसायची जागा

मे २०२३ पासून सुरू झालेल्या डॉइचलांड तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक रेल्वेगाड्या, उपनगरी गाड्या आणि गावोगावच्या बस चालतात. सुरुवातीला ते महिन्याला ४९ युरोंना मिळे, जानेवारी २०२५ पासून ते ५८ युरो झाले आणि किंमत वाढतच गेली आहे. बव्हेरियातल्या विद्यार्थ्यांसाठी याची सवलतीची आवृत्ती आहे, ती आपल्या विद्यापीठात विचारून घ्यावी. हे तिकीट दर महिन्याला आपोआप नवे होते, त्यामुळे बंद करायचे असल्यास आधीच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत, रोपवेवर आणि बोटींवर ते चालत नाही. ज्यांच्याकडे ते नाही अशा पाहुण्यांसाठी बायर्न (म्हणजे बव्हेरिया) तिकीट सोयीचे असते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच निघता येते. शरदातल्या आखूड दिवसात हे नऊ वाजणे महागात पडते, म्हणून पाहुण्यांना शनिवार-रविवारीच न्यावे.

म्युनिकहून दक्षिणेला टेगर्नझे, लेनग्रीस आणि बायरिशत्सेलकडे जाणारी गाडी एकच असते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. होल्त्सकिर्शनला एक भाग बायरिशत्सेलकडे वळतो, पुढे शाफ्टलाखला टेगर्नझे आणि लेनग्रीस वेगळे होतात. डब्यावरची पाटी वाचून मगच बसावे. मी पहिल्या रविवारी न वाचता बसलो आणि टेगर्नझेच्या काठावर डबा खायचा म्हणून निघालेलो, तो लेनग्रीसच्या फलाटावर खाल्ला.

नावांतल्या 'झे' या शेवटाचा अर्थ तळे, आणि एवढे कळले की अर्धा नकाशा वाचता येतो.

पहिल्या चार सहली

सुरुवात आमरझे या तळ्यापासून करावी. उपनगरी गाडी थेट काठावरच्या हेरशिंगला नेते. तिथून किएंटाल नावाच्या ओहोळाच्या दरीतून बीचच्या जंगलातली वाट सुमारे तासाभरात आंडेक्सच्या टेकडीवरील बेनेडिक्टाइन मठापाशी पोहोचते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात या वाटेवर पायाखाली आणि डोक्यावर एकच तांबूस रंग असतो. आमरझे आणि शेजारचे श्टार्नबर्गर झे ही दोन्ही तळी हिमयुगातल्या हिमनद्यांनी मैदानात कोरलेली आहेत. ती धुक्याच्या पट्ट्यात येतात, म्हणून राखाडी दिवशी इथे दृश्याची अपेक्षा ठेवू नये. पण जंगल धुक्यातही पाहण्यासारखे असते, आणि वाट चुकण्याची शक्यता कमी असल्यामुळे नव्या बुटांची परीक्षा घ्यायला ही जागा चांगली.

दुसरी सहल टेगर्नझेची. स्थानकातून बाहेर पडून गावामागच्या जंगलातून दीड तास चढले की १२६१ मीटरवरच्या नॉयरॉयट विश्रामगृहाच्या ओट्यावर पोहोचता येते. धुके तळ्यावर भरले असेल तर तो ओटा बहुधा त्याच्या वर असतो, आणि धुक्याच्या समुद्रातून वर आलेले डोंगर पाहण्यासाठी इतकी कमी मेहनत क्वचितच पुरते.

तिसरी सहल मला सर्वांत आवडती, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. म्युनिकहून रेल्वेने सव्वा तासाच्या आत कोखेल गाव येते. कोखेलझे सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या मागच्या डोंगराआड, सुमारे २०० मीटर वर, वाल्खेनझे हे दुसरे तळे आहे. दोन्ही तळ्यांमधल्या या फरकावर १९२४ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले. म्युनिकचे प्रसिद्ध डॉइचेस म्युझियम स्थापन करणारे ओस्कार फोन मिलर यांनी ते उभारले. उतारावरून खाली येणारे सहा जाड पोलादी नळ पाहिले की मुंबई-पुणे प्रवास केलेल्या कोणालाही खोपोली आठवते. खोपोलीचे टाटांचे केंद्र १९१५ चे, म्हणजे वाल्खेनझेहून नऊ वर्षांनी थोरले आहे. हे तिथल्या जर्मन मित्रांना सांगायला मला फार आवडत असे.

कोखेलहून बस केसेलबर्ग घाटातून वर चढते. इटलीला निघालेला जर्मन कवी गटे १७८६ मध्ये याच बाजूने गेला होता. ८५८ मीटरवरच्या घाटमाथ्याला उतरून हेर्त्सोगश्टांड या १७३१ मीटर उंच शिखराची जुनी घोडवाट धरावी. वाट रुंद आणि नागमोडी आहे, कुठेही हात लावून चढावे लागत नाही, पण चढ पावणेनऊशे मीटरचा आहे. वर पोहोचल्यावर उत्तरेला कोखेलझे आणि त्यापलीकडे सपाट मैदान, दक्षिणेला वाल्खेनझेचे गडद निळे पाणी आणि त्यामागे कार्वेंडेलच्या रांगा, असे दोन वेगळे देश एका मान वळवण्यात दिसतात. वाल्खेनझे सुमारे १९० मीटर खोल आहे आणि मैदानातल्या तळ्यांहून उंचावर असल्यामुळे धुक्याच्या दिवशीही तिथे ऊन मिळण्याची शक्यता अधिक असते. वाल्खेनझे गावातून वर जाणारा रोपवे आहे, पण तो चालू आहे का हे आदल्या दिवशी पाहावे, आणि उतरताना त्याच्या भरवशावर राहू नये. शिखरावरून शेजारच्या हाइमगार्टन शिखराकडे जाणारी धार छायाचित्रांत फार मोहक दिसते. ती अरुंद आहे, काही ठिकाणी दोर लावलेले आहेत, आणि ओल्या पानांवर किंवा हिमावर ती वाट कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी अवघड होते. कोरडा दिवस, अनुभवी सोबती आणि सकाळची वेळ या तीनही गोष्टी असतील तरच तिकडे वळावे.

चौथे ठिकाण क्योनिग्झे. म्युनिकपासून प्रादेशिक गाड्यांनी फ्रायलासिंगमार्गे बेर्शतेसगाडेन आणि तिथून बस, असे एका बाजूला सुमारे तीन तास लागतात, म्हणून पहाटेची गाडी घ्यावी लागते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानातले हे तळे दोन्ही बाजूंच्या कड्यांत खोल रुतलेले आहे. काठाने पायवाट नाही आणि १९०९ पासून इथे विजेवर चालणाऱ्या बोटीच आहेत. तासाभरापेक्षा थोड्या कमी वेळात बोट तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या सालेटला पोहोचते. तिथून पाऊण कोसाच्या आत ओबरझे हे दुसरे छोटे तळे आहे, आणि त्याच्याही पुढे र्योथबाख धबधबा, उंची ४७० मीटर. सालेटपर्यंतच्या बोटी हिवाळ्यात बंद असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर त्या फक्त वाटेतल्या सेंट बार्थोलोमे या थांब्यापर्यंत जातात हे गृहीत धरावे आणि वेळापत्रक तपासावे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ हातावर लिहून ठेवावी, कारण ती चुकली तर चालत परतण्याचा सोपा मार्ग नाही. सेंट बार्थोलोमेच्या मागे २७१३ मीटरचा वाट्समन पश्चिमेला उभा असल्यामुळे शरदात तिथले ऊन दुपारीच जाते, म्हणून तिथे सकाळी थांबावे आणि परतताना थांबू नये.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे एक सोहळा पाहायला मिळू शकतो. उन्हाळाभर वरच्या कुरणांत राहिलेल्या गायी बोटीत बसवून तळ्यावरून खाली आणतात, आणि हंगामात कोणती दुर्घटना झाली नसेल तर त्यांना रंगीत मुकुट चढवतात. बेगड, गोंडे आणि घुंगरांनी सजवलेली ती जनावरे पाहताना पोळ्याचा दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. तारीख हवामानावर ठरते, त्यामुळे गावात विचारावे लागते.

सरहद्दीपलीकडचे एक ठिकाणही सांगायला हवे: ऑस्ट्रियातल्या कार्वेंडेलमधला ग्रोसर आहोर्नबोडेन, जिथे सुमारे दोन हजार मेपल वृक्ष १२०० मीटर उंचीच्या दरीत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिवळे होतात. लेनग्रीसहून हंगामी बस जाते. वाटेत सिल्फेनश्टाइन हा १९५९ चा जलाशय लागतो, ज्याच्या पाण्याखाली फाल नावाचे जुने गाव आहे. कोयनेकाठच्या वाचकाला याची गोष्ट वेगळी सांगायला नको. सरहद्द दिसत नसली तरी ती आहे आणि परतताना तपासणी होऊ शकते, म्हणून मूळ पारपत्र आणि व्हिसा किंवा निवास परवाना सोबत असावा. भ्रमणध्वनीतले छायाचित्र पुरत नाही.

पिशवीत काय, पोटात काय

बूट घोट्यापर्यंतचे आणि खाचदार तळव्याचे हवेत. नवे घेण्याआधी आल्पाइन संघाच्या म्युनिकमधल्या शाखांकडे चौकशी करावी, कारण सभासदांना तिथे साहित्य भाड्याने मिळते. विद्यापीठांच्या एकत्रित क्रीडाकेंद्रातही डोंगरातले अभ्यासक्रम असतात. कपडे थरांचे हवेत: घाम न धरणारा आतला थर, लोकरी किंवा फ्लीसचा मधला, वारा-पाऊस अडवणारा बाहेरचा. सुती टीशर्ट भिजला की वाळत नाही, तो शहरातच ठेवावा. टोपी, हातमोजे आणि डोक्याला बांधायची विजेरी ही ऑक्टोबरपासून दर सहलीला.

बहुतेक डोंगरी विश्रामगृहे ऑक्टोबरच्या मध्यापासून एकेक करून बंद होतात आणि जी उघडी असतात त्यांनाही आठवड्याची सुट्टी असते. रोख पैसे जवळ असावेत. मांसाहार न करणाऱ्यांना चीज घातलेले श्पेट्सले (अंडे घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) आणि गोड कायझरश्मारन (तुकडे केलेले जाड धिरडे) बहुधा मिळतात. पण खरा भरवसा डब्यावरच ठेवावा, आणि त्यासाठी दशम्यांसारखे दुसरे काही नाही: दोन दिवस टिकतात, थंड चांगल्या लागतात आणि लसणीच्या चटणीने धारेवर उभ्या जर्मन सोबत्यांशी ओळख होते. रविवारी दुकाने बंद असतात आणि ३ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर या सुट्ट्यांनाही, म्हणून खरेदी शनिवारी रात्री आठच्या आत करावी. थर्मासमध्ये चहा असावा हे सांगायला नको.

वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला 'ग्र्युस गॉट' म्हणावे. घाटातल्या राम रामसारखेच त्यातही देवाचे नाव आहे आणि त्याला उत्तर मिळतेच.

पाणी, पान आणि मदत

शरदातले तळे स्वच्छ आणि शांत दिसते, म्हणून धोक्याचे. सप्टेंबरमध्ये पोहता येण्याजोगे पाणी ऑक्टोबरच्या शेवटी इतके थंड होते की उडी मारताच श्वास अडकतो आणि पोहणाऱ्याचेही हात काही मिनिटांत आखडतात. पोहणे शिकलेले नसेल तर काठावरूनच पाहावे. मोठ्या तळ्यांच्या काठांवर वादळाची सूचना देणारे नारिंगी दिवे असतात. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येतो आहे, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. भाड्याच्या होडीत असाल तर लगेच काठ गाठावा. हे दिवे ऑक्टोबरअखेरपर्यंतच चालतात.

वाटेवर साचलेली पाने मुळे आणि दगड झाकतात, म्हणून उतरताना पाऊल लहान ठेवावे. बव्हेरिया गोचिडांच्या मेंदूज्वराच्या क्षेत्रात येते आणि गोचीड शरदातही सक्रिय असतात. लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे व काखेत तपासून पाहावे.

अडचण आली तर ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो आणि डोंगरात तो बचाव पथकापर्यंत पोहोचतो. जाळे नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट विराम, आणि पुन्हा तसेच; पलीकडून मिनिटाला तीन खुणा आल्या तर निरोप पोहोचला आहे असे समजावे. विद्यार्थ्यांचा सक्तीचा आरोग्य विमा डोंगरातल्या शोधाचा आणि सुटकेचा सगळा खर्च देईलच असे नाही. आल्पाइन संघाच्या सभासदत्वात तो विमा असतो आणि तरुणांना वर्गणी कमी असते. पहिल्या सहलीपूर्वीच ते घ्यावे. कोणत्या वाटेने जातो आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू हे वसतिगृहातल्या एका व्यक्तीला लिहून कळवावे. आईला कळवायचे की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न आहे, कारण आपण परततो तेव्हा भारतात रात्र झालेली असते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बहुतेक रोपवे देखभालीसाठी बंद होतात ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मेपलची पाने गळतात आणि लार्च या सूचिपर्णी झाडाची शेवटची सोनेरी पानेही उतरतात. त्यानंतर आमरझेचा काठ, श्टार्नबर्गर झेची फेरी आणि उन्हाच्या दिवशी नॉयरॉयटचा ओटा एवढेच हाताशी उरते, आणि तोपर्यंत विद्यापीठातल्या पहिल्या गृहपाठांच्या तारखाही लागलेल्या असतात.